वृद्धाश्रमातल्या गोळ्यांची जबाबदारी कुणाची?

इन्शुलिनच्या सिरिंजच्या टोपणाचा रंग फार थोडे लोक निरखून पाहतात. लाल टोपणाची सिरिंज असते एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट असलेल्या इन्शुलिनसाठी आणि नारिंगी टोपणाची १०० युनिटवाल्यासाठी. आपल्याकडे दोन्ही प्रकारचं इन्शुलिन सर्रास मिळतं. जुन्या पद्धतीच्या स्वस्त बाटल्या बहुधा ४०च्या असतात, पेनमध्ये घालायची कार्ट्रिज १००ची असतात आणि ग्लार्जिनसारख्या काही इन्शुलिनच्या बाटल्याही १००च्या असतात. आता समजा, हॉस्पिटलमधून परत आलेल्या आजोबांच्या पिशवीत १००ची बाटली आहे आणि वृद्धाश्रमाच्या कपाटात लाल टोपणाच्या सिरिंजांचा खोका आहे. कागदावर लिहिलंय ‘२० युनिट’. सिस्टर अगदी काळजीपूर्वक २०च्या रेघेपर्यंत औषध ओढतात. सिरिंजमध्ये भरतं अर्धा मिलिलिटर, म्हणजे या बाटलीतली ५० युनिट. ठरलेल्या डोसच्या अडीचपट. तासा-दोन तासांत नाही, पण पुढे कधीतरी, कदाचित रात्री सगळे झोपल्यावर, आजोबांची साखर घसरू लागते. उलट घडलं, म्हणजे ४०चं इन्शुलिन नारिंगी टोपणाच्या सिरिंजनं दिलं, तर २०च्या जागी आठच युनिट जातात. मग साखर का उतरत नाही म्हणून डोस वाढवला जातो आणि पुढे कुणीतरी योग्य सिरिंज आणली की तो वाढवलेला डोस अंगावर येतो.

यात चुकलं कोण? डॉक्टरांनी आकडा बरोबर लिहिला होता, मेडिकलवाल्यानं बाटली बरोबर दिली होती, सिस्टरनी रेघही बरोबर पाहिली होती. तिघांच्या मधे जी जागा असते, तिथे घोटाळा झाला. वृद्धाश्रमातल्या औषधांविषयी बोलताना ‘तिथल्या मावश्यांचं लक्षच नसतं’ असं म्हणून मोकळं होणं सोपं आहे. पण मावशी बदलल्या म्हणून ती मधली जागा काही भरून निघत नाही.

इंग्लंडमध्ये या प्रश्नाचा नीट अभ्यास झाला आहे. लंडनच्या स्कूल ऑफ फार्मसीतले प्राध्यापक निक बार्बर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेस्ट यॉर्कशायर, केंब्रिजशायर आणि मध्य लंडन इथल्या ५५ केअर होममधल्या २५६ रहिवाशांची औषधं तपासली. निष्कर्ष २००९मध्ये प्रसिद्ध झाले. रहिवाशांचं सरासरी वय ८५ होतं आणि प्रत्येकाला सरासरी आठ औषधं चालू होती. त्यांतल्या १७८ जणांच्या, म्हणजे दर दहांतल्या सुमारे सात जणांच्या बाबतीत किमान एक चूक सापडली. चुका सगळ्या टप्प्यांवर होत्या: डॉक्टरांनी लिहिताना, दुकानातून देताना, प्रत्यक्ष रहिवाशाच्या हातावर ठेवताना आणि औषधानंतर करायच्या तपासण्यांमध्ये.

हे आकडे वाचून घाबरून जायचं कारण नाही. प्रत्येक चुकीनं किती इजा होऊ शकते याला अभ्यासकांनी शून्य ते दहा असे गुण दिले होते, दहा म्हणजे मृत्यू. सरासरी गुण दोन ते पावणेचारच्या आसपास होते. म्हणजे बहुतेक चुका निभावून जाणाऱ्या होत्या. मात्र सगळ्यांत जास्त गुण पडले ते तपासण्यांच्या बाबतीतल्या चुकांना, तब्बल ३.७. चुकीची गोळी हातावर ठेवण्यापेक्षा, बरोबर गोळी महिनोन्‌महिने देत राहून रक्त तपासायला विसरणं जास्त महागात पडू शकतं. लघवीची गोळी चालू आहे आणि सोडियम-पोटॅशियम पाहिलेलं नाही, रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे आणि रक्त गोठायला किती वेळ लागतो हे सांगणारा आयएनआर तपासलेला नाही, असे हे प्रकार. गोळी देणारा माणूस समोर दिसतो, म्हणून त्याची चूकही दिसते. न झालेली तपासणी कुणालाच दिसत नाही.

चुकांची कारणं शोधताना अभ्यासकांना जे आढळलं, ते नावं बदलून कुठल्याही मराठी माणसाला ओळखीचं वाटेल. डॉक्टर रहिवाशांना नीट ओळखत नव्हते आणि लिहून देताना त्यांच्यासमोर पुरती माहिती नसायची. कर्मचाऱ्यांवर कामाचा ताण होता, औषधांचं प्रशिक्षण तोकडं होतं, गोळ्या वाटताना सारखा व्यत्यय यायचा. निरोप तोंडी जायचे. नोंदवह्यांत चुका होत्या. सुधारायची इच्छा सगळ्यांना होती, पण एकूण जबाबदारी कुणाचीच नव्हती.

सकाळी आठची वेळ घ्या. उपमा आणि चहा आलेला आहे. मावशी ट्रेमध्ये नावं चिकटवलेल्या डब्या घेऊन खोल्याखोल्यांतून फिरताहेत. मधेच कुणाला बाथरूमला न्यायचंय, कुणाच्या मुलाचा अमेरिकेहून फोन आलाय, मेडिकलचा पोऱ्या खाली सही मागतोय. परत ट्रेपाशी आल्यावर हातातली डबी सुमनताईंची हे खरं, पण मजल्यावर सुमनताई दोन आहेत. शिवाय पहिल्या सुमनताईंना गोळ्या देऊन झाल्या का? इंग्लंडमधल्या काही संस्थांत औषधं वाटणाऱ्या व्यक्तीनं ‘व्यत्यय आणू नका’ असं लिहिलेला लाल अंगरखा घालायची पद्धत आहे. आपल्याकडे असा अंगरखा घातला तर ‘हे काय नवीन?’ म्हणून विचारायलाच चारजण थांबतील. पण औषधांच्या तक्त्यावर प्रत्येकाचा फोटो चिकटवणं आणि गोळी घशाखाली गेलेली पाहून त्याच क्षणी तक्त्यावर सही करणं, याला खर्चही नाही आणि अंगरखाही लागत नाही. फेरी संपल्यावर सगळ्या सह्या एकदम करायची सवय मोडणं मात्र कठीण असतं.

सगळ्यांत धोक्याचा दिवस असतो तो हॉस्पिटलमधून परतण्याचा. डिस्चार्ज कार्डावर रक्तदाबाच्या गोळीचं एका कंपनीचं नाव असतं, वृद्धाश्रमाच्या डबीत तीच गोळी दुसऱ्या कंपनीची. नाव वेगळं, रंग वेगळा, पाकीट वेगळं, आत टेल्मिसार्टनच. दोन्ही चालू राहतात. चौथ्या दिवशी आजी पलंगावरून उठताना भोवळ येऊन पडतात आणि ‘वय झालं’ या सदरात ते जमा होतं. त्यातच लेक येताना ‘मागच्या वेळी बरं वाटलं होतं’ म्हणून गुडघेदुखीच्या गोळ्या घेऊन आलेली असते. रक्तदाबाची टेल्मिसार्टनसारखी गोळी, लघवी वाढवणारी गोळी आणि डायक्लोफिनॅक किंवा एसिक्लोफिनॅकसारखी दुखण्याची गोळी, ही तिन्ही एकत्र आली की म्हाताऱ्या मूत्रपिंडांवर भलताच भार पडतो. यातली पहिली दोन आपल्याकडे अनेकदा एकाच गोळीत मिळतात, त्यामुळे दोन औषधं चालू आहेत हे घरच्यांना ठाऊकही नसतं. म्हणून परतलेल्या रहिवाशाला पहिली गोळी देण्याआधी जुन्या सगळ्या स्ट्रिप बाहेर काढून नव्या कार्डाशी ताडून पाहायला हव्यात. तेही वरच्या मोठ्या नावावरून नव्हे, तर त्याखाली बारीक अक्षरांत छापलेल्या मूळ औषधाच्या नावावरून. आणि अर्धी कापलेली स्ट्रिप असेल तर मुदतीची तारीख नेमकी कापून गेलेल्या भागावर असते, हेही लक्षात ठेवावं.

आपली १-०-१ लिहायची पद्धत सुटसुटीत आहे, पण तिच्यात आठवड्याला जागा नाही. संधिवातासाठी दिलं जाणारं मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. रोज घेतलं तर ते अस्थिमज्जेवर घाव घालतं, रक्तपेशी घटतात, तोंडात फोड येतात आणि माणूस दगावूही शकतो. त्याच्या जोडीला फॉलिक अ‍ॅसिड दिलेलं असतं, आणि दोन्ही गोळ्या पुष्कळदा लहान, पिवळ्या. अशा औषधापुढे ‘आठवड्यातून एकदा’ एवढंही पुरेसं नाही, ‘फक्त गुरुवारी’ असं वाराचं नाव लिहून घ्यावं. हाडांसाठीचं अ‍ॅलेन्ड्रोनेट हेही अनेकदा आठवड्यातून एकदाचं. ते सकाळी उपाशीपोटी पेलाभर साध्या पाण्याबरोबर घ्यायचं आणि नंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही, नाहीतर अन्ननलिकेला जखम होते. ज्या आजी अंथरुणातच चहा-बिस्किट घेऊन पुन्हा कलंडतात, त्यांना ही गोळी वाटपाच्या ट्रेमधून देणं म्हणजे न देण्यापेक्षा वाईट. थायरॉइडची गोळीही उपाशीपोटी घ्यायची आणि कॅल्शियम-लोहाच्या गोळ्या तिच्यापासून चार तास लांब ठेवायच्या. डबीच्या सकाळच्या खणात मात्र तिन्ही सुखानं शेजारी नांदत असतात.

वेळेचं महत्त्व सगळ्यांत जास्त पार्किन्सनच्या रुग्णांना कळतं. लेव्होडोपाची गोळी उशिरा मिळाली तर माणूस जागच्या जागी आखडतो, घास गिळता येत नाही, कूस बदलता येत नाही. वाटपाची फेरी नऊला सुरू होते म्हणून साडेसातची गोळी नऊला देणं ही त्यांच्या बाबतीत दीड तासाची शिक्षा असते. ब्रिटनमध्ये पार्किन्सन्स यूके या संस्थेनं नुसती वेळेवर गोळी मिळावी एवढ्यासाठी स्वतंत्र मोहीम चालवली आहे. रुग्णाला स्वतःची गोळी स्वतःजवळ ठेवू देणं हा यावरचा साधा उपाय. ज्याचं डोकं शाबूत आहे त्याच्या हातातून गोळ्या काढून घेण्याची घाई आपण उगाच करतो. वृद्धाश्रमात आल्याच्या पहिल्याच दिवशी ‘औषधं ऑफिसात जमा करा’ असं सांगितलं जातं, त्यात सोय संस्थेची असते.

आपल्या उपवासांविषयी परदेशी मार्गदर्शिकांत फारसं काही सापडणार नाही. एकादशी, चतुर्थी, श्रावणी सोमवार, नवरात्र. ग्लिमेपिराइडसारखी मधुमेहाची गोळी पोटात अन्न जाणार हे गृहीत धरून साखर उतरवते. आजींनी उपवास धरला, दुपारी दोन घास वरीचे तांदूळ खाल्ले आणि गोळी मात्र नेहमीसारखी मिळाली, तर साखर धोकादायक खाली जाऊ शकते. तरुण माणसाला अशा वेळी घाम फुटतो, छाती धडधडते. म्हातारपणी बरेचदा नुसतं असंबद्ध बोलणं किंवा गुंगी दिसते आणि ती ‘विसराळूपणा वाढलाय’ म्हणून सोडून दिली जाते. उपवास सोडा असं सांगून ऐकणारी ही पिढी नाही. कुठला उपवास कुणाचा, हे तक्त्यावर लिहून त्या दिवशीच्या गोळीचं काय करायचं हे डॉक्टरांना आधी विचारून ठेवणं जास्त शहाणपणाचं.

मग येतो गोळी गिळता न येण्याचा प्रश्न. खलबत्त्यात कुटून शिऱ्यात किंवा केळ्यात घालून द्यायची, हा सर्वत्र चालणारा तोडगा. काही गोळ्यांना तो चालतोही. पण नावापुढे एसआर, एक्सआर, ईआर, सीआर अशी अक्षरं असतील तर ती गोळी बारा किंवा चोवीस तासांत हळूहळू विरघळावी अशी बनवलेली असते. कुटली की दिवसभराचा डोस एकदम रक्तात उतरतो. पोटात विरघळू नये म्हणून आवरण दिलेल्या गोळ्या, उदाहरणार्थ पँटोप्राझोल, कुटल्या की वाया जातात. अनेक औषधं पातळ रूपात मिळतात; केमिस्टला एकदा विचारायचंच बाकी असतं. आणि गोळी अन्नात लपवून देणं ही निव्वळ सोयीची बाब नाही. इंग्लंडमध्ये नाइस या संस्थेनं २०१४मध्ये केअर होममधल्या औषधांविषयी मार्गदर्शिका काढली. तिच्यात स्पष्ट म्हटलंय की स्वतःचा निर्णय स्वतः घेऊ शकणाऱ्या माणसाला औषध लपवून द्यायचं नाही. ज्याला तसा निर्णय घेता येत नाही, त्याच्या बाबतीतही कर्मचारी, डॉक्टर, औषधतज्ज्ञ आणि नातेवाईक यांनी मिळून विचार करून ते लेखी ठरवायचं. नको म्हणण्याचा हक्क या मार्गदर्शिकेनं औषध देण्याच्या नियमांतच घातला आहे. आपल्याकडे ‘नको’ म्हणणाऱ्या आजोबांना हट्टी म्हणतात. गोळीनं मळमळतं म्हणून ते नको म्हणत असतील, हे विचारायला कुणाला सवड नसते.

सर्वांत अवघड भाग ‘शांत राहण्याच्या’ गोळ्यांचा. स्मृतिभ्रंश झालेली माणसं संध्याकाळी अस्वस्थ होतात, घरी जायचं म्हणतात, ओरडतात, कधी मारतातही. रात्रपाळीला चाळीस माणसांमागे दोन मावश्या असतील तर रिस्पेरिडोन, क्वेटियापिन, हॅलोपेरिडॉल यांचा आधार घ्यावासा वाटणं समजू शकतं. पण २००५मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनानं या गटातल्या नव्या औषधांवर ठळक इशारा छापायला लावला: स्मृतिभ्रंशाच्या वृद्ध रुग्णांत यांनी मृत्यूचं प्रमाण वाढतं. पुढे जुन्या औषधांनाही तोच इशारा लागू झाला. २००९मध्ये प्राध्यापक सुबे बॅनर्जी यांनी ब्रिटिश सरकारला दिलेल्या अहवालात हिशेब मांडला. स्मृतिभ्रंशाच्या सुमारे १,८०,००० रुग्णांना वर्षभरात ही औषधं दिली जात होती, त्यांतल्या फार तर ३६,००० जणांना काही फायदा होत होता, आणि दर वर्षी सुमारे १,८०० जादा मृत्यू होत होते. या अहवालानंतर तिथे ही औषधं लिहिण्याचं प्रमाण बरंच खाली आलं. गोळी हा कधीकधी एकमेव उपाय असतो, विशेषतः माणूस स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करत असेल तेव्हा. पण ती सुरू करताना ‘किती आठवड्यांनी पुन्हा पाहायचं’ ही तारीख सोबत हवी. मी म्हणेन, तारीख नसलेली शांत राहण्याची गोळी ही रुग्णासाठी नसून इमारतीसाठी असते. आणि अस्वस्थतेमागे लघवीचा संसर्ग, बद्धकोष्ठता किंवा न सांगता येणारी गुडघेदुखी आहे का, हे पाहण्याचं काम गोळीच्या आधीचं.

कित्येकदा एक औषधच दुसऱ्याला बोलावणं धाडतं. रक्तदाबासाठी अ‍ॅम्लोडिपिन दिलं, त्यानं पावलांवर सूज आली. सुजेसाठी लघवीची गोळी आली. रात्री तीनदा उठावं लागतं म्हणून झोप मोडते, म्हणून झोपेची गोळी आली. मग अंधारात बाथरूमकडे जाताना खुब्याचं हाड मोडलं. कॅनडातल्या पॉला रोशन आणि अमेरिकेतले जेरी गुर्विट्झ या डॉक्टरांनी १९९०च्या दशकात या साखळीकडे लक्ष वेधलं. वृद्धांना कोणती औषधं शक्यतो देऊ नयेत याची पहिली गाजलेली यादी अमेरिकेतले डॉक्टर मार्क बीअर्स यांनी १९९१मध्ये केली, आणि ती नर्सिंग होममधल्या, म्हणजे तिथल्या वृद्धाश्रमांतल्या, रहिवाशांसाठीच होती. तिची सुधारित आवृत्ती २०२३मध्ये आली. क्लोनाझेपाम-अल्प्राझोलामसारख्या झोपेच्या आणि चिंतेच्या गोळ्या तिच्यात आहेत. आपल्याकडे सर्दीवर चिठ्ठीशिवाय मिळणाऱ्या गोळ्यांत सर्रास असणारं क्लोरफेनिरामिनही आहे. त्यानं म्हाताऱ्या माणसाला भ्रम होऊ शकतो, लघवी अडू शकते.

यादी वाचून लगेच गोळ्या बंद करू नका. वर्षानुवर्षं चालू असलेलं क्लोनाझेपाम, स्टिरॉइड, लेव्होडोपा किंवा हृदयाची काही औषधं एकदम तोडली तर मूळ आजारापेक्षा मोठं संकट उभं राहतं. कमी करणं हेही डॉक्टरचंच काम, आणि ते टप्प्याटप्प्यानं करायचं असतं.

मग हे काम करायचं कुणी? इंग्लंडच्या अभ्यासानं उत्तर दिलं होतं की प्रत्येक केअर होमसाठी एक प्रमुख डॉक्टर असावा आणि औषधांची एकूण जबाबदारी औषधतज्ज्ञाकडे असावी. त्यानंतर तिथे केअर होममध्ये औषधतज्ज्ञ नेमायला सुरुवात झाली. त्याचा गाजावाजा करण्याआधी एक गोष्ट सांगायला हवी. ८८२ रहिवाशांवर झालेल्या एका मोठ्या ब्रिटिश चाचणीचे निष्कर्ष २०२३मध्ये आले. औषधतज्ज्ञांनी लक्ष घातल्यावर गुंगी आणि भ्रम आणणाऱ्या औषधांचा बोजा कमी झाला, पण पडण्याचं प्रमाण सहा महिन्यांत लक्षणीय घटलं नाही. म्हणजे तज्ज्ञ नेमला की सगळं आलबेल, असं नाही. तरीही औषधांचा बोजा उतरणं हा मला लहान फायदा वाटत नाही.

आपल्याकडे २००७च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यानं प्रत्येक जिल्ह्यात किमान एक वृद्धाश्रम असावा असं म्हटलं आहे, आणि वृद्धाश्रमांतल्या सेवांची मानकं ठरवण्याचा अधिकार राज्य सरकारांना दिला आहे. त्या कलमात वैद्यकीय सेवा आणि करमणूक एकाच वाक्यात येतात. करमणुकीचं ठीक आहे, भजनाची पेटी बहुतेक ठिकाणी असते. औषधांचं मात्र नातेवाइकांनी विचारल्याशिवाय हलत नाही.

तेव्हा पुढच्या भेटीला जाल तेव्हा व्यवस्थापकांकडे आईच्या किंवा वडिलांच्या औषधांचा तक्ता मागा, आणि त्यावर औषधांची मूळ नावं, प्रत्येक गोळी कशासाठी आहे आणि रोजच्या सह्या आहेत का ते पाहा. मूत्रपिंडांचं काम दाखवणारं क्रिएटिनिन शेवटचं कधी तपासलं ते विचारा. वर्षातून एकदा तो सगळा तक्ता एकाच डॉक्टरांपुढे ठेवून ‘यातलं काय कमी करता येईल?’ असं विचारायला वेळ मागून घ्या. घरून एकही गोळी नेऊन परस्पर उशाखाली ठेवू नका. आणि तक्ता लिहिणाऱ्या मावशींचं नाव माहीत करून घ्या; काही बदललं तर फोन त्यांनाच करायचा आहे.